दूरस्थ वाचोपचार आणि उपचारातील नाते

माणसाचे बोलणे ही इतकी सवयीची गोष्ट आहे की, ते बिघडल्याखेरीज त्याच्याकडे आपले लक्ष जात नाही. एखादे मूल चार वर्षांचे झाले तरी दोन शब्दांपलीकडे जात नाही, शाळेतील एखादा विद्यार्थी हजेरीच्या वेळी ‘हजर’ हा शब्द उच्चारताना अडखळतो, किंवा पक्षाघाताचा झटका येऊन गेलेल्या आजोबांना समोरच्या तांब्याचे नाव सांगता येत नाही, तेव्हा बोलणे हे किती गुंतागुंतीचे कार्य आहे याची जाणीव होते. फुप्फुसांतील हवा, कंठातील स्वरतंतू, जीभ, ओठ, टाळू, कान आणि या सर्वांवर नियंत्रण ठेवणारा मेंदू यांचा मेळ जमला म्हणजे एक साधे वाक्य तयार होते. हा मेळ बिघडला असता तो पुन्हा जमविण्यास साहाय्य करणारे जे शास्त्र, त्यास वाचोपचार असे म्हणतात.

औषधोपचार आणि वाचोपचार यांत एक मोठा भेद आहे. हिवतापाची गोळी कोणीही दिली तरी पोटात गेल्यावर ती आपले काम करते. वाचोपचारात मात्र संभाषण हाच आजाराचा विषय आणि संभाषण हेच औषध. ज्याला बोलण्याची भीती वाटते त्याला बोलूनच बरे व्हावयाचे असते. आणि ज्याच्यापुढे बोलावयाचे त्याच्याविषयी विश्वास नसेल तर तो तोंड उघडणार कसा? म्हणून रुग्ण आणि उपचारक यांचे नाते हा या शास्त्राचा पाया होय. अलीकडे हा उपचार पुष्कळदा संगणकाच्या किंवा दूरध्वनीच्या पडद्यातून होऊ लागला आहे. अशा वेळी हे नाते कसे जुळते, यंत्र त्यात कोणते अडथळे आणते आणि ते अडथळे कसे दूर करता येतात, याचा विचार येथे करावयाचा आहे.

आपल्या देशातील वाचोपचार

भारतात या शास्त्राचे पद्धतशीर शिक्षण १९६३ साली मुंबईच्या नायर रुग्णालयाशी संलग्न अशा टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाले. त्यानंतर १९६५ साली म्हैसूर येथे अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था स्थापन झाली आणि १९८३ साली मुंबईत श्रवणदोष असलेल्यांसाठी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था निघाली. बंगळुरू येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था, जी ‘निम्हान्स’ या संक्षिप्त नावाने सर्वांस परिचित आहे, तिच्यातही वाचा व श्रवण यांचा स्वतंत्र विभाग आहे. मेंदूच्या विकारांमुळे ज्यांची वाणी गेली अशा रुग्णांसाठी हा विभाग विशेष महत्त्वाचा आहे. भारतीय पुनर्वास परिषदेच्या १९९२ च्या कायद्यान्वये या व्यवसायातील व्यक्तींची नोंदणी होऊ लागली.

एवढे असूनही गरज आणि सोय यांत अंतर फार आहे. प्रौढ माणसांत शंभरांत सुमारे एकाला तोतरेपणा असतो, असे सामान्यतः मानले जाते. यात बोबडेपणा, बहिरेपणामुळे खुंटलेली वाणी, स्वमग्नता आणि पक्षाघातानंतरचे वाचादोष यांची भर घातली, तर प्रत्येक तालुक्यात या उपचाराची गरज असलेली माणसे आढळतील. तज्ज्ञ मात्र बहुतांशी मोठ्या शहरांतून एकवटलेले आहेत. शिवाय हा उपचार एका भेटीत संपत नाही. आठवड्यातून एकदा किंवा दोनदा, असे कित्येक महिने यावे लागते. निपाणीच्या किंवा बीदरच्या कुटुंबाला दर आठवड्यास बंगळुरू गाठणे अशक्यप्राय असते. बंगळुरूमध्येच राहणाऱ्यालाही शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन येण्यात अर्धा दिवस खर्ची घालावा लागतो. अर्ध्यावर सोडलेला उपचार आणि त्यामुळे मुलाच्या मनात बसलेली ‘मला हे जमणार नाही’ ही भावना हे या अंतराचे खरे मूल्य होय.

दुरून उपचार करण्याची कल्पना

ही कल्पना आजची नाही. अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकात साध्या दूरध्वनीवरून वाचोपचार करण्याचे प्रयोग झाले होते. तेथील वाक्-श्रवण तज्ज्ञांच्या संघाने २००५ साली दूरस्थ उपचार ही सेवा देण्याची एक योग्य रीत म्हणून मान्य केली; मात्र तिचा दर्जा समोरासमोरच्या उपचाराइतकाच असला पाहिजे, अशी अट घातली.

बंगळुरूचा दूरवैद्यकाशी संबंधही जुना आहे. येथे मुख्यालय असलेल्या भारतीय अंतराळ संशोधन संघटनेने या शतकाच्या प्रारंभी उपग्रहांच्या द्वारे दूरची रुग्णालये शहरांतील तज्ज्ञांशी जोडण्यास आरंभ केला. कर्नाटकात बंगळुरूचे हृदयरोग रुग्णालय आणि चामराजनगरचे जिल्हा रुग्णालय यांना जोडणारा दुवा हा त्या प्रयत्नांपैकीच एक. पुढे २०२० च्या मार्चमध्ये महासाथीमुळे देशभर टाळेबंदी झाली आणि २५ मार्च २०२० रोजी केंद्र शासनाने डॉक्टरांसाठी दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. वाचोपचारकांनाही त्याच सुमारास आपले काम पडद्यावर न्यावे लागले. त्या काळात एक अनपेक्षित लाभही दिसून आला. समोरासमोर भेटताना उपचारकाचे तोंड मुखपट्टीने झाकलेले असे. ओठांची हालचाल पाहून उच्चार शिकणाऱ्या मुलास त्याचा काय उपयोग? पडद्यावर मात्र तोच चेहरा उघडा आणि जवळून दिसत असे.

नाते म्हणजे नेमके काय?

उपचारातील नाते म्हणजे केवळ गोड बोलणे नव्हे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ साली या नात्याचे तीन घटक सांगितले. पहिला घटक ध्येयाविषयीची सहमती, दुसरा त्या ध्येयासाठी करावयाच्या कामाविषयीची सहमती आणि तिसरा परस्परांविषयीचा विश्वास व आपुलकी. हे विवेचन मूळचे मानसोपचारासाठी केलेले असले, तरी वाचोपचारासही ते लागू पडते.

एक उदाहरण घेऊ. एका तोतऱ्या तरुणाला नोकरीच्या मुलाखतीची धास्ती आहे. त्याचे वडील म्हणतात, ‘याचे अडखळणे पूर्ण थांबले पाहिजे.’ तरुणाला स्वतःला मात्र एवढेच हवे आहे की, अडखळलो तरी घाबरून गप्प बसू नये. उपचारकाने वडिलांचे ध्येय गृहीत धरून व्यायाम सुरू केले, तर ते व्यायाम कितीही शास्त्रशुद्ध असले तरी तरुणाचे मन त्यात रमणार नाही. समोरासमोरच्या भेटीत त्याची ही नाराजी त्याच्या बसण्यावरून, हातांच्या चाळ्यावरून कळून येते. पडद्यावर केवळ चेहरा आणि खांदे दिसत असल्याने ती लपून राहते. म्हणून दुरून उपचार करताना जे इतरत्र न बोलता कळते ते येथे विचारून घ्यावे लागते. ‘आज आपण जे केले ते तुम्हाला उपयोगाचे वाटले का?’ हा साधा प्रश्न प्रत्येक बैठकीच्या शेवटी विचारण्याची पद्धत पुष्कळ उपचारक पाळतात, ती याच कारणास्तव.

यंत्र संभाषणात काय बदल करते?

यंत्रामुळे होणारे बदल मुख्यतः चार आहेत.

पहिला बदल विलंबाचा. दोन माणसे सहज बोलत असताना एकाचे वाक्य संपणे आणि दुसऱ्याचे सुरू होणे यांत किती वेळ जातो? जगातील दहा भाषांची तुलना करणारे एक संशोधन २००९ साली प्रसिद्ध झाले. त्यात हा विराम सरासरीने सेकंदाच्या सुमारे एक पंचमांश इतकाच आढळला. आता आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकास पोहोचण्यास पाव सेकंद लागला, तर उत्तर परत येईपर्यंत अर्ध्या सेकंदाची भर पडते. म्हणूनच दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत एका दिशेचा विलंब शक्यतो १५० सहस्रांश सेकंदांच्या आत असावा असे सांगितले आहे. विलंब वाढला म्हणजे ऐकणाऱ्याला तो यंत्राचा दोष वाटत नाही. समोरचा माणूस कचरतो आहे किंवा त्याला बोलावयाचे नाही, असा त्याचा समज होतो. तोतऱ्या माणसाच्या बाबतीत हे विशेष घातक ठरते. आयुष्यभर लोकांनी त्याची वाक्ये घाईने पुरी केलेली असतात. उपचारकानेही विराम चुकीचा समजून पुढचा शब्द पुरविला, तर विश्वासास तडा जातो. यावर उपाय सोपा आहे. उपचारकाने मनातल्या मनात तीन अंक मोजून मगच बोलावे, आणि ‘माझे बोलणे संपले’ हे दर्शविण्यासाठी हाताची एखादी खूण आधीच ठरवून घ्यावी.

याच विलंबामुळे एक जुना उपाय पडद्यावर निकामी होतो. दोघांनी एका सुरात वाचले असता तोतरेपणा तेवढ्यापुरता बहुतेक नाहीसा होतो, हे प्रसिद्ध आहे. परंतु दुरून असे वाचू गेल्यास एकाचा शब्द दुसऱ्याच्या मागे पडतो आणि सूर जुळत नाही. अशा वेळी उपचारकाने आपले वाचन ध्वनिमुद्रित करून पाठवावे आणि रुग्णाने घरी त्याबरोबर वाचावे, हे इष्ट होय.

दुसरा बदल आवाजाच्या गुणाचा. जुना दूरध्वनी सुमारे ३०० ते ३४०० कंपने प्रतिसेकंद एवढ्याच पट्ट्यातील ध्वनी वाहून नेत असे. ‘स’ या वर्णाची बरीचशी शक्ती ४००० च्या वर असते. त्यामुळे दूरध्वनीवर ‘स’ आणि ‘फ’ यांचा घोटाळा होई. आजची साधने याहून रुंद पट्टा वापरतात. तथापि जोडणी क्षीण झाली म्हणजे तीही आवाजात काटछाट करतात. शिवाय पार्श्वभूमीचा गोंगाट गाळणारी यंत्रणा कधीकधी लांबविलेला वर्ण किंवा श्वासाचा आवाज हाही गोंगाटच समजून पुसून टाकते. उपचारकाला जे ऐकावयाचे असते नेमके तेच नाहीसे होते! म्हणून उच्चार तपासताना ही गाळणी बंद ठेवावी, आणि शंका आल्यास रुग्णाच्या बाजूस ध्वनिमुद्रित केलेला आवाज मागवून ऐकावा.

तिसरा बदल हुंकाराचा. मराठी माणूस ऐकताना गप्प बसत नाही. ‘हं’, ‘बरं’, ‘हो का?’, ‘मग?’ असे म्हणत तो बोलणाऱ्याला पुढे नेत असतो. पण दोघे एकाच वेळी बोलू लागले म्हणजे कित्येक साधने एकाचा आवाज दाबून टाकतात. परिणामी उपचारकाचा प्रेमळ हुंकार रुग्णाचा शब्द तोडतो. येथे मान डोलावणे, स्मित करणे, भुवया उंचावणे यांनी हुंकाराचे काम करावे लागते, आणि तेही नेहमीपेक्षा थोडे ठळकपणे.

चौथा बदल नजरेचा. कॅमेरा बहुधा पडद्याच्या वर असतो. त्यामुळे उपचारक रुग्णाच्या डोळ्यांकडे पाहत असला, तरी रुग्णाला तो खाली पाहत आहे असे भासते. रुग्णाचे चित्र कॅमेऱ्याच्या लगत सरकवून घेतले की हा दोष पुष्कळ कमी होतो. मधूनच टिपण करावयाचे असल्यास ‘मी लिहून घेतो आहे’ असे सांगणेही आवश्यक आहे; नाहीतर खाली वळलेली नजर कंटाळ्याची समजली जाते.

उपचारक हा पाहुणा

रुग्णालयात रुग्ण हा उपचारकाच्या घरी आलेला असतो. पडद्यावरील उपचारात हे उलटे होते. येथे उपचारक रुग्णाच्या घरात प्रवेश करतो, आणि पाहुण्याचे शिष्टाचार त्याने पाळले पाहिजेत. आल्याबरोबर चित्रांचे तक्ते काढण्यापेक्षा मुलाला आपले आवडते खेळणे किंवा गॅलरीतले तुळशीचे झाड दाखवू द्यावे. त्या निमित्ताने जे शब्द येतात ते त्याच्या रोजच्या जगातले असतात, आणि तेच शिकविण्यास सर्वांत योग्य. मूल उपचारिकेला ‘मॅडम’ म्हणण्याऐवजी ‘ताई’ म्हणू लागले, तर तोही नाते जुळत असल्याचा संकेत समजावा.

लहान मुलांच्या बाबतीत खरे नाते तिघांचे असते : मूल, पालक आणि उपचारक. ऑस्ट्रेलियातील लिडकोम येथे विकसित झालेल्या तोतरेपणावरील उपचारपद्धतीत तर प्रत्यक्ष उपचार पालकच घरी करतात. मूल न अडखळता बोलले की त्याची योग्य शब्दांत, बेताने प्रशंसा करणे हा तिचा गाभा. उपचारक पालकांना हे शिकवितो. अशा वेळी आईला ‘तुम्ही चुकीचे करता’ असे पडद्यावरून सुनावले, तर आठवड्याभरात ती बैठका टाळू लागेल. तिने जे योग्य केले ते आधी दाखवून मग सुधारणा सुचविणे हेच शहाणपणाचे. या पद्धतीचा पडद्यावरून केलेला उपचार आणि दवाखान्यातील उपचार यांची तुलना करणारी एक पद्धतशीर चाचणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. दोन्हींचे परिणाम सारखेच आढळले. कंपवाताने आवाज क्षीण झालेल्या रुग्णांवर ऑस्ट्रेलियातच केलेल्या २०११ सालच्या चाचणीचाही निष्कर्ष असाच होता.

प्रौढ रुग्णांशी वागताना दुसरी एक दक्षता घ्यावी लागते. मेंदूच्या डाव्या भागास इजा झाल्याने बहुधा जो वाचाघात होतो, त्यात शब्द हरवतात, पण समज आणि स्वाभिमान शाबूत असू शकतात. निवृत्त मुख्याध्यापकाला ‘शाब्बास, छान बोललात हं!’ असे लहान मुलाप्रमाणे म्हणणे हा त्याचा अपमान आहे. त्याला ‘सर’ म्हणावे, वर्तमानपत्रातील बातमीवर त्याचे मत विचारावे, आणि शब्द सापडेना तर चित्र, हावभाव किंवा लिहिलेले अक्षर यांचा आधार द्यावा. घरातील मंडळी प्रेमापोटी त्याच्या वतीने उत्तरे देतात. त्यांनाही थांबण्यास विनयाने सांगणे हा उपचाराचाच भाग होय.

भाषेचा प्रश्न

बंगळुरू हे अनेक भाषांचे शहर आहे. १६३८ नंतर शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळापासून येथे मराठीचा वावर आहे, आणि आजही येथील कित्येक घरांत मराठी, रस्त्यावर कन्नड आणि शाळेत इंग्रजी असा व्यवहार चालतो. अशा घरातील मूल उशिरा बोलू लागले म्हणजे ‘घरी मराठी बोलणे बंद करा’ असा सल्ला शेजारीपाजारी देतात. या सल्ल्यास शास्त्राचा आधार नाही. दोन भाषा कानांवर पडल्याने वाचादोष जडत नाही. उलट आईची भाषा तोडली तर मुलाचा सर्वांत समृद्ध असा संभाषणाचा झराच आटतो.

उपचारकाला मात्र भाषेचे बारकावे ठाऊक असावे लागतात. मराठीत ‘चार’ आणि ‘चाक’ या शब्दांतील ‘च’ एकच अक्षर असले तरी उच्चार दोन आहेत. पहिला तालव्य, दुसरा दन्ततालव्य. कन्नडात हा भेद नाही. कन्नडच जाणणाऱ्या उपचारकास मुलाचे ‘चाक’ सदोष वाटेल, आणि क्षीण जोडणीवर दोन्ही ‘च’ सारखेच ऐकू येतील. उलट ‘ळ’ दोन्ही भाषांत असल्याने तो शिकविण्यास कन्नड शब्दांचाही उपयोग होतो. दूरस्थ उपचाराचा एक मोठा लाभ येथे दिसतो : बंगळुरूच्या मराठी घराला पुण्यातील किंवा मुंबईतील मराठी उपचारक मिळू शकतो.

मर्यादा

या पद्धतीने सर्व काही साधते असे मानण्याचे कारण नाही. अन्न गिळण्याचा दोष, स्वरतंतूंची तपासणी, टाळूची रचना, अर्भकाची श्रवणपरीक्षा यांसाठी प्रत्यक्ष भेट बहुधा टाळता येत नाही. जे मूल पडद्यासमोर क्षणभरही स्थिर राहत नाही, त्याच्यासाठीही ती इष्ट. म्हणून पहिली तपासणी समोरासमोर आणि पुढील बैठका दुरून, अशी जोड पुष्कळदा उपयुक्त ठरते.

गुप्ततेचा प्रश्न तितकाच महत्त्वाचा. एका खोलीच्या घरात सासू, दीर, शेजारी यांच्या देखत सून आपल्या तोतरेपणाविषयी मनमोकळे बोलेल, ही अपेक्षा करता येत नाही. बैठकीचे चित्रमुद्रण करावयाचे असल्यास आधी संमती घेतली पाहिजे. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासंबंधी २०२३ साली संमत झालेल्या कायद्यातही मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे.

या ठिकाणी शाळा आणि सार्वजनिक ग्रंथालये मोलाची मदत करू शकतात. एक शांत खोली, बरी जोडणी, एक संगणक आणि आठवड्यातून एक ठरलेला तास, एवढ्याने ज्या घरात एकांत नाही त्या घरातील मुलाचा उपचार चालू राहू शकतो. खोलीचे दार बंद करता यावे आणि तो तास इतरांच्या चर्चेचा विषय होऊ नये, एवढी काळजी घेतली म्हणजे झाले. शिक्षकांनीही अशा विद्यार्थ्याची हजेरी घेताना क्षणभर अधिक थांबावे, आणि त्याचा शब्द त्यालाच पुरा करू द्यावा. उपचारक शोधताना त्याची पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे की नाही ते पाहावे, आणि काही बैठकांनंतर मुलालाच विचारावे की, या माणसाशी बोलावेसे वाटते का? त्याचे उत्तर ‘हो’ असेल, तर पुढील कामाचा अवघड भाग सुरू करण्यास हरकत नाही.